गाजलेल्या गाण्यांचा खंड

अर्थशास्त्रात ‘खंड’ या शब्दाला नेमका अर्थ आहे. जमिनीच्या मालकाने नांगराला हात न लावता, केवळ दप्तरात आपले नाव आहे एवढ्या आधारावर कसणाऱ्याकडून घेतलेला हिस्सा म्हणजे खंड. मालकाच्या श्रमाचा, जोखमीचा वा कल्पकतेचा त्याच्याशी काडीचाही संबंध नसतो. तो निव्वळ मालकीचा मोबदला असतो, हे रिकार्डोने १८१७ सालीच सांगून ठेवले आहे. संगीताच्या बाजारातही खंड निघतात. ‘गाजलेली गाणी, खंड पहिला’, ‘खंड दुसरा’ अशी त्यांची नावे असतात, आणि ग्राहक समजतो की हा पुस्तकाच्या खंडासारखा खंड आहे. प्रत्यक्षात तो कुळाकडून वसूल होणाऱ्या खंडाचाच सख्खा भाऊ आहे.

वाटूर हे जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यातले गाव. जालन्याहून मंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर परतूरची वाट जिथे फुटते, तो वाटूरचा फाटा. चहाची टपरी, पंक्चर काढणारा, रसवंती आणि मोबाइलचे दुकान हा मराठवाड्यातल्या कोणत्याही फाट्याचा संसार. या संसारात गेल्या वीस वर्षांत एक माल अनेक रूपे बदलून आला. आधी एमपी-थ्रीच्या तबकडीवर, मग दुकानदाराने संगणकावरून भरून दिलेल्या मेमरी कार्डात, मग ट्रॅक्टरच्या टेपला लावायच्या पेनड्राइव्हमध्ये आणि २०१६ नंतर डेटा स्वस्त झाल्यावर थेट हातातल्या फोनवर. तो माल म्हणजे अजय-अतुल यांची गाजलेली गाणी. ऊसतोडीला निघालेल्या टोळीच्या ट्रॅक्टरवर तीच, गणपतीच्या मांडवात तीच आणि नवरदेवाच्या वरातीतही तीच.

या दोघा भावांविषयी आकस धरण्याचे कारण नाही. उलट त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. महसूल खात्यात नोकरी करणाऱ्या वडिलांच्या बदल्यांमागे गावोगाव फिरलेली, कोणत्याही गुरूकडे रीतसर शिक्षण न घेतलेली ही मुले. २००१ सालच्या ‘विश्वविनायक’नंतर ‘अगं बाई अरेच्चा’ (२००४), ‘जत्रा’ (२००६), ‘जोगवा’ (२००९), ‘नटरंग’ (२०१०) आणि ‘सैराट’ (२०१६) या चित्रपटांतून त्यांनी मराठी गाण्याला जे परत मिळवून दिले, ते शहरी भावगीताने कधीच माजघराबाहेर ठेवले होते. संबळ, हलगी, ढोलकी, गोंधळ्याची हाक, जोगत्याचे चौंडके ही मराठी चित्रपटात नवलाची वस्तू राहिली नाही, ती गाण्याचा कणा झाली. ‘जोगवा’ला संगीताचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले ते योग्यच झाले. ‘जत्रा’तल्या कोंबडीची २०१२ साली ‘अग्निपथ’मध्ये हिंदी चमेली झाली आणि ‘सैराट’चा ‘झिंगाट’ २०१८ साली ‘धडक’मध्ये पुन्हा वाजला, तेव्हा मराठी गाण्याचा बाजार किती दूरवर पसरू शकतो हेही दिसले.

प्रश्न निराळाच आहे. या गाण्यांत जी हलगी कडाडते ती कोणी वाजवली? संबळाच्या जोडीवर कोणाचे हात आहेत? संचाच्या वेष्टणावर संगीतकारांची नावे ठळक, गायक-गायिकांची त्याखाली, गीतकाराचे असलेच तर कोपऱ्यात. कंपनीचे बोधचिन्ह मात्र कधीही गाळले जात नाही. वादक कोठेच नाही. फोनवरच्या संचात तर वेष्टणही उरले नाही. एक चौकोनी चित्र आणि गाण्यांची यादी एवढाच ऐवज.

असा संच तयार करण्यासाठी काय लागते, हे एकदा हिशेबाला घ्यावे. नवे गीत लागत नाही, नवी चाल लागत नाही, वादकांना पुन्हा बोलवावे लागत नाही, स्टुडिओ भाड्याने घ्यावा लागत नाही. जी गाणी चालतील की नाही याची धास्ती होती ती चालून गेलेली असतात, म्हणजे जोखीमही संपलेली असते. उरते ती निवड; आणि निवडही कान करीत नाही, दप्तर करते. ज्या गाण्यांचे हक्क त्या कंपनीकडे आहेत तीच तिच्या संचात येतात, बाकीची कितीही गाजलेली असोत, दुसऱ्या मालकाच्या कुंपणात राहतात. ‘सैराट’ एका कंपनीकडे, ‘अग्निपथ’ दुसरीकडे. ‘सर्वोत्कृष्ट’ या विशेषणाचा अर्थ ‘आमच्या ताब्यातले सर्वोत्कृष्ट’ एवढाच. गंमत अशी की सर्व कुंपणे ओलांडून दोघा भावांची सगळी गाणी एकत्र देणारा खराखुरा समग्र संच कोणी काढला असेल, तर तो फाट्यावरच्या त्या चोरट्या पेनड्राइव्हवाल्याने! कायद्याच्या दृष्टीने तो गुन्हेगार आहे, आणि वादकाला तोही काही देत नाही.

जुन्या गाण्यांवर जगण्याची ही कला आजची नाही. ग्रामोफोन कंपनीने १९०८ साली कलकत्त्यात सियालदहला तबकड्या छापण्याचा कारखाना काढला, १९२८ साली तो डमडमला गेला. १९८०च्या दशकात कंपनी इंग्रजांकडून भारतीय उद्योगसमूहाकडे आली, २००० साली ‘सारेगामा’ झाली आणि २०१७ साली तिने जुनी पाच हजार गाणी भरलेला ‘कारवाँ’ नावाचा रेडिओसारखा डबा बाजारात आणला. त्याची मराठी आवृत्तीही निघाली. डबा घरोघर गेला, आजोबांच्या वाढदिवसाला भेट म्हणून गेला. त्या गाण्यांत व्हायोलिन, सॅक्सोफोन, क्लॅरिनेट वाजवणारे गोव्याचे शेकडो कलावंत मुंबईच्या स्टुडिओंत रोजंदारीवर राबले होते. त्यांच्यापैकी एकाच्या, माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांच्या, वाट्याला थोडी प्रसिद्धी आली ती त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी संगीत दिलेल्या १९७७ सालच्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या एका विनोदी गाण्यामुळे. गुरुदक्षिणा गोड होती, पण ज्या श्रोत्यांनी ते गाणे डोक्यावर घेतले त्यांतल्या किती जणांना त्या नावाचा खराखुरा माणूस मुंबईत वाद्यवृंद बांधत होता हे ठाऊक होते?

परदेशांतही रीत हीच. स्टॉक, एटकिन आणि वॉटरमन या इंग्रज त्रिकुटाच्या गाजलेल्या गाण्यांचा संच १९८७ साली निघाला, त्याचे नावच ‘हिट फॅक्टरी’. निदान नाव तरी प्रामाणिक होते. त्याआधी डेट्रॉइटला मोटाउन कंपनी काढणारे बेरी गॉर्डी हे मोटारीच्या कारखान्यात काम केलेले गृहस्थ. जोडणीच्या पट्ट्यावरून मोटार जशी पुढे सरकते तसे गाणे सरकले पाहिजे ही कल्पना त्यांनी तिथूनच उचलली. त्यांच्या जवळजवळ प्रत्येक गाजलेल्या गाण्यात एकच वादकसंच वाजत होता, ‘फंक ब्रदर्स’. १९६०चे सबंध दशक त्यांच्या तालावर अमेरिका नाचली, आणि त्यांची नावे तबकडीच्या वेष्टणावर प्रथम छापली गेली ती १९७१ साली, मार्विन गे यांच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’वर. पुढच्याच वर्षी कंपनी लॉस एंजेलिसला निघून गेली आणि हे वादक मागे राहिले. कारखाना हलला की कामगाराचे जे होते तेच त्यांचे झाले. जुन्या गाण्यांचे संच मात्र निघतच राहिले.

आपल्याकडे कायदा काय सांगतो? प्रथम १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की चित्रपटासाठी पैसे घेऊन केलेल्या गीत-संगीताचा मालक, उलट करार नसेल तर, निर्माता. त्याच निकालाला जोडलेल्या टिपणात न्या. कृष्ण अय्यर यांनी गायकाला कायद्यात स्थानच नाही याबद्दल खंत व्यक्त केली. ही खंत संसदेच्या कानी पडायला १९९४ साल उजाडले; तेव्हा ‘सादरकर्त्याचा हक्क’ म्हणून एक हक्क निर्माण झाला आणि सादरकर्त्याच्या व्याख्येत गायकाबरोबर वादकही आला. पुढे २०१२ची दुरुस्ती. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत केलेल्या भाषणाची तेव्हा मोठी चर्चा झाली, आणि ती रास्त होती. या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांना चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातून येणाऱ्या स्वामित्वधनात समान वाटा दिला आणि तो करारानेही सोडून देता येणार नाही अशी तजवीज केली. सादरकर्त्यालाही व्यापारी वापरातून स्वामित्वधन मिळण्याची तरतूद झाली. सगळे आनंदले.

परंतु त्याच दुरुस्तीने सादरकर्त्याच्या व्याख्येला हळूच एक परंतुक जोडले. चित्रपटातील ज्या व्यक्तीचे सादरीकरण किरकोळ वा प्रासंगिक स्वरूपाचे आहे आणि जिचा उल्लेख श्रेयनामावलीत किंवा अन्यत्र कोठेही केलेला नाही, ती व्यक्ती सादरकर्ता मानली जाणार नाही. अपवाद एकच: तिच्या सादरीकरणाची विटंबना झाली, तर तेवढ्यापुरती तिला तक्रार करता येईल. म्हणजे अब्रू शाबूत, पोट मोकळे. किरकोळ कोणते आणि भरीव कोणते हे ठरवण्याची कसोटी कायदा देत नाही. नामावली तयार करतो निर्माता. ज्याला पैसे द्यावे लागतील त्यानेच कोणाला पैसे द्यायचे त्याची यादी करायची, आणि यादीत नाव नाही हेच त्याच्या विरुद्धचे एक कारण म्हणून दाखवायचे, असा हा न्याय आहे. याच कायद्याचे ५२-अ हे कलम ध्वनिमुद्रणावर आणि त्याच्या वेष्टणावर काय छापणे बंधनकारक आहे ते सांगते: मुद्रण करणाऱ्याचे नाव-पत्ता, हक्काच्या मालकाचे नाव-पत्ता आणि प्रथम प्रसिद्धीचे वर्ष. मालकाचा पत्ता न छापणे बेकायदा. वाजवणाऱ्याचे नाव न छापणे कायदेशीर! मुदतीतही भेद आहेच. ध्वनिमुद्रणाच्या मालकाचा हक्क ६० वर्षे टिकतो, सादरकर्त्याचा ५०. शेवटची दहा वर्षे सगळी मालकाची.

वाटूरच्या वडीलधाऱ्या शेतकऱ्याला ही हकीकत अपरिचित वाटणार नाही. हा मुलूख निजामाच्या राज्यातला. हैदराबाद संस्थान खालसा झाल्यावर १९५० साली कूळ कायदा आला आणि त्याने ‘संरक्षित कूळ’ नावाचा दर्जा निर्माण केला. कायदा कागदावर पुरोगामी होता. पण संरक्षण कोणाला, तर ज्याचे नाव नोंदीत आहे त्याला. जो पिढ्यान्‌पिढ्या राबला पण ज्याचे नाव पाटील-पटवाऱ्याच्या कृपेअभावी दप्तरात चढले नाही, तो कूळच नव्हता. ज्यांची नावे चढली त्यांच्यापैकीही कित्येकांनी जमीन ‘स्वखुशीने’ सोडल्याचे कागद झाले. ए. एम. खुस्रो यांनी हैदराबादच्या जमीन सुधारणांचा जो अभ्यास १९५८ साली प्रसिद्ध केला, त्यात ही स्वखुशी कशा प्रकारची होती ते पाहायला मिळते. स्टुडिओतली पाळी संपल्यावर पाकिटाबरोबर पुढे केल्या जाणाऱ्या, ‘सर्व हक्क सर्व काळासाठी सोडले’ अशा अर्थाच्या कागदावर हलगीवाला जी सही किंवा अंगठा उठवतो, ती स्वखुशी त्याच जातकुळीची आहे.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो, आणि तो घेणारे सगळेच कंपन्यांचे दलाल असतात असे नाही. वादकाने कामाचे पैसे घेतले, प्रकरण संपले. सुताराने खुर्ची केली, मजुरी घेतली. त्या खुर्चीवर कोणी बसेल त्या प्रत्येक वेळी सुताराने हात पसरावा काय? युक्तिवाद सुबक आहे. पण खुर्ची झिजते, मोडते, आणि सुताराला पुन्हा काम मिळते. ध्वनिमुद्रण झिजत नाही. त्याची लाखावी प्रत पहिल्या प्रतीइतकीच ताजी असते. दुसरे असे की खुर्ची विकणारा दुकानदार बसणाऱ्याकडून दर बैठकीला पैसे मागत नाही. गाण्याचा मालक मागतो. हॉटेलात वाजले, वाहिनीवर वाजले, फोनवर ऐकले, की त्याचा आकार सुरू. दर बैठकीला भाडे घेण्याचा अपवाद कायद्याने मालकासाठी एकदा मान्य केल्यावर सुताराने आपला वाटा मागितला तर तो लोभी कसा? एकतर दोघांनाही खुर्चीचा नियम लावा, नाहीतर दोघांनाही गाण्याचा.

शिवाय इथे केवळ वाटणीचा प्रश्न नाही, हातचे काम जाण्याचा आहे. लग्नसराई हा हलगी, ताशा आणि बँडवाल्यांचा सुगीचा काळ. मराठवाड्यात ही वाद्ये बहुशः मातंग आणि तत्सम समाजांच्या हाती राहिली. जातीने लादलेले काम म्हणून त्याची नामुष्की त्यांनी सोसली, आणि त्यातूनच थोडे दाणेही मिळवले. आता वरातीपुढे डीजेचा ट्रक असतो. त्या ट्रकवर वाजते काय, तर हलगीच. म्हणजे कोण्या एका हलगीवाल्याने एका दिवसाच्या मजुरीत वाजवलेला ठेका हजारो गावांतल्या हजारो हलगीवाल्यांना कामावरून काढून टाकतो, आणि त्याचा खंड मुंबईच्या कचेरीत जमा होतो. यंत्राने माणसाचे काम घेतल्याची उदाहरणे औद्योगिक इतिहासात पुष्कळ आहेत. परंतु कामगाराच्याच हातांचा ठसा घेऊन त्याच हातांना रिकामे करण्याइतका नीटनेटका प्रकार विरळा.

यावर काहीच करता येत नाही असे ज्यांना वाटते त्यांनी अमेरिकेतील वादकांच्या संघटनेचा इतिहास पाहावा. जेम्स पेट्रिलो यांच्या नेतृत्वाखाली या संघटनेने १ ऑगस्ट १९४२ पासून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. मागणी एकच: प्रत्येक तबकडीमागे ठराविक रक्कम संघटनेच्या निधीत जमा करा, कारण तुमच्या तबकड्या आमच्या सभासदांना बेकार करीत आहेत. महायुद्ध चालू होते, वर्तमानपत्रांनी पेट्रिलोंना हुकूमशहा म्हटले, स्वतः रूझवेल्ट यांनी संप मागे घेण्याची विनंती केली. संघटना हलली नाही. १९४३ साली डेक्का कंपनी नमली, नोव्हेंबर १९४४ मध्ये व्हिक्टर आणि कोलंबिया या बलाढ्य कंपन्या नमल्या. त्या निधीतून पुढे गावोगाव फुकट मैफली झाल्या आणि त्यांत वाजवणाऱ्या बेकार वादकांना मजुरी मिळाली. चित्रपट दूरचित्रवाणीवर वा अन्य माध्यमांत गेल्यावर वादकांना वाटा देणारा स्वतंत्र निधीही तिथे १९७२ पासून आहे. ‘सैराट’च्या गाण्यांचा पाश्चात्त्य वाद्यवृंद लॉस एंजेलिसमध्ये मुद्रित झाला याचे मराठी वृत्तपत्रांनी अपार कौतुक केले. तिथल्या ध्वनीची श्रीमंती सर्वांनी ऐकली, त्यामागच्या संघटनेची कोणी चौकशी केली नाही.

मुंबईत चित्रपट वादकांची संघटना आहे. पाळीचे दर आणि श्रेणी यांसाठी ती झगडलीही. गायकांनीही २०१३ साली आपली स्वामित्वधन संस्था उभी केली. पण परतूर-मंठ्याच्या संबळवाल्यापर्यंत यातले काय पोचते? त्याच्यापर्यंत पोचते ते राज्य सरकारचे वृद्ध कलावंत मानधन. २०२४ साली ते सरसकट दरमहा ५,००० रुपये झाले, हे चांगलेच झाले. परंतु त्यासाठी आपण कलावंत असल्याचे पुरावे गोळा करून पंचायत समितीत खेटे घालायचे, कात्रणे आणि प्रमाणपत्रे जोडायची, निवड समितीच्या मर्जीकडे डोळे लावायचे. ज्याचा हक्क बाजारातून येणे आहे त्याला सरकारी दयेच्या रांगेत उभे करण्यात कंपन्यांची फारच सोय होते. त्यांचे देणे करदाता फेडतो.

समाजवादी चळवळीलाही या बाबतीत थोडे आत पाहावे लागेल. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकांनी या महाराष्ट्राला निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके दिले. वगनाट्य आणि लोकगीते गावोगाव नेऊन सभा गाजवल्या. हमाल, विडी कामगार, मोलकरणी, ऊसतोडे यांच्या प्रश्नांवर चळवळीने लढे दिले. सभेआधी ढोलकी वाजवून गर्दी जमवणारा माणूस मात्र ‘कार्यकर्ता’ किंवा ‘कलावंत’ राहिला, कामगार कधी झालाच नाही. हमालासाठी महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला; विखुरलेल्या, अनेक मालकांकडे पाळीपाळीने राबणाऱ्या माणसाचे नाव मंडळाच्या नोंदवहीत चढवून त्याची मजुरी आणि हक्काची रक्कम मंडळामार्फत देण्याची रीत त्या कायद्याने घालून दिली. वादकाची स्थिती हमालापेक्षा फार वेगळी नाही. तोही विखुरलेला, तोही आज एका दारी उद्या दुसऱ्या, आणि त्याच्याही पाठीशी कागद नाही.

तेव्हा मागण्या दूरच्या नाहीत. सादरकर्त्याच्या व्याख्येतले ते परंतुक रद्द करावे. ध्वनिमुद्रणाच्या प्रत्येक पाळीची हजेरी वादकाच्या नावानिशी एका सार्वजनिक मंडळाकडे नोंदवावी आणि जुन्या गाण्यांचा संच कोणत्याही रूपाने विकला किंवा ऐकवला गेला की त्यातला ठरलेला हिस्सा त्या मंडळामार्फत वाटला जावा. ज्यांची नावे आता सापडणारच नाहीत त्यांचा हिस्सा त्या त्या वाद्याच्या गावोगावच्या वादकांच्या निधीत जावा. आणि ५२-अ कलमात मालकाच्या पत्त्याच्या खाली चौथी बाब घालावी: वाजवणाऱ्यांची नावे. फोनवरच्या चौकोनात त्यांना जागा पुरत नाही, असे कंपन्या म्हणतील. मालकाचे बोधचिन्ह थोडे लहान केले तर पुरेल.